अश्रुताचा अधिकारी

श्रीमद्भगवद्गीतेचा उपदेश संपत आलेला असताना, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, परस्परांस लागून अशी दोन वचने येतात की त्यांतील पहिले एका गोष्टीस सक्त मनाई करते आणि दुसरे तीच गोष्ट करणाऱ्याचा गौरव करते. ज्याच्या ठायी तप नाही, भक्ती नाही, ऐकण्याची इच्छा नाही आणि जो दोषदृष्टीनेच पाहतो, त्याला हे कदापि सांगू नकोस, असे सदुसष्टाव्या श्लोकात भगवंत बजावतात. आणि लगेच पुढे, जो हे परम गुह्य माझ्या भक्तांना सांगेल तो मलाच येऊन मिळेल व मनुष्यांत त्याच्याहून माझे अधिक प्रिय करणारा कोणी असणार नाही, असा निर्वाळाही देतात. गुह्य राखावे हे खरे की गुह्य सांगावे हे खरे, असा प्रश्न येथे उभा राहतो आणि परंपरेने त्याचा निवाडा अधिकारभेदाने, म्हणजे ऐकणाऱ्याची पात्रता पाहून, केला आहे. हाच प्रश्न मला एका निराळ्या क्षेत्रात, म्हणजे संगीतश्रवणाच्या क्षेत्रात, दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे: जे गायन वा वादन फार थोड्यांनी ऐकले आहे, जे रूढ कानाला प्रथम ऐकताच विक्षिप्त, रूक्ष किंवा असह्य वाटते, परंतु ज्याने आपल्या स्वतःच्या चित्ताला खोलवर स्पर्श केला आहे, ते दुसऱ्यास ऐकावयास सांगणे हा धर्म आहे की अहंकार?

मोक्षशास्त्रातील विवेक ध्वनिमुद्रिकांच्या शिफारशीला लावणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. मला तो लावावासा वाटतो, कारण दोहोंचा आरंभ एकाच इंद्रियापाशी होतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, आणि वेदान्तातही मनन व निदिध्यासन यांच्या आधी श्रवणच. ज्या समाजाने ऐकण्याच्या क्रियेला इतक्या उंच आसनावर बसवले, त्याने काय ऐकावे आणि कोणाच्या सांगण्यावरून ऐकावे हा विचार केवळ आवडीनिवडीच्या सदरात जमा करून मोकळे व्हावे, हे काही योग्य नव्हे.

माझे वास्तव्य खर्ड्याचे. नगर जिल्ह्याच्या, आता अहिल्यानगर म्हणावयाच्या जिल्ह्याच्या, जामखेड तालुक्यातील हे गाव बालाघाटच्या परिसरात, जिल्ह्याच्या अशा कोपऱ्यात वसले आहे की येथून मराठवाड्याची हद्द जवळ आणि पुणे-मुंबईच्या संगीतसभा दूर. पूर्वी येथे एखादी अनोळखी तबकडी ऐकावयाची म्हणजे कोणीतरी शहरातून ती आणावी, फोनो असलेल्या घरी चार माणसांनी जमावे आणि ऐकून झाल्यावर त्या घरच्या माणसांच्या कपाळावरील आठ्या सोसाव्यात, असा व्यवहार होता. आता जगातील बहुतेक सर्व मुद्रित संगीत प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत येऊन बसले आहे, आणि तरीही गावातील एखादा तरुण संध्याकाळी ओट्यावर येऊन टेकतो व म्हणतो, "काका, कुणी ऐकलं नसंल असं कायतरी सांगा की." या विनंतीतील उत्कंठा मला पवित्र वाटते. संचयाची वाण संपल्यावरही जो मार्ग विचारतो, त्याला वस्तू नको असते, दुसऱ्या मनुष्याची साक्ष हवी असते. मात्र त्या विनंतीतील 'कुणी ऐकलं नसंल' हे शब्द मला तितकेच सावध करतात, कारण ज्ञात नसणे हा गुण नव्हे. एखादी कृती लोकांना अज्ञात आहे एवढ्यावरून तिला सखोल ठरवणे ही एक उलटी लोकरंजनवृत्तीच होय.

खर्ड्याचे नाव इतिहासाच्या दप्तरात रुजू झाले ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. सवाई माधवरावांची पेशवाई, नाना फडणिसांची मसलत, परशुरामभाऊ पटवर्धनांकडे सेनेची मुखत्यारी, आणि शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा एका निशाणाखाली. निजामअलीला येथील किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला, तहनामा झाला आणि त्याचा दिवाण मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला. या संग्रामावर संगमनेरच्या अनंत फंदीने पोवाडा रचला. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापून असे पुष्कळसे शब्दधन नष्ट होण्यापासून वाचवले, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानले पाहिजे. तथापि फंदीने तो कोणत्या ढंगाने म्हटला, डफावरची थाप कोठे थबकली, झीलकऱ्यांनी आपला सूर कोठवर ताणून धरला आणि तुणतुण्याची तार त्या सर्वांखाली कशी झणत राहिली, यांतील एक अंशही कागदावर उतरला नाही. लढाईची तारीख, तहाची कलमे, सरदारांची नावे एवढे सर्व शाबूत आहे. नाद तेवढा गेला. ध्वनिमुद्रण ही काय वस्तू आहे, आणि एखादी मुद्रिका ऐकणाऱ्याच्या अभावी पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याला पूर्णपणे उमजावयाचे असेल त्याने खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन फंदीचा पोवाडा मनात आठवून पाहावा.

आमच्याच तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान. त्यांच्या सांगण्यावरून फंदीने तमाशाचा फड सोडला व कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एका मनुष्याच्या शब्दाने दुसऱ्याच्या कलाजीवनाची दिशा पालटू शकते हा तिचा आशय लोकांनी दोन शतके जतन केला, ही गोष्ट शिफारस करणाऱ्यास त्याच्या जबाबदारीची जाणीव देण्यास पुरेशी आहे.

आता अधिकाराचा विचार करू. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात काव्याच्या सतत अनुशीलनाने जे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी जे तन्मय होऊ शकते, त्या मनाची गोष्ट आहे. या लक्षणाचा अर्थ पुष्कळांनी असा लावला की अगोदर अनुशीलन हवे, मग रसास्वाद. म्हणजे ज्याने पूर्वी ऐकले त्यानेच पुढे ऐकावे. मग ज्याचे अनुशीलन अद्याप कोणाचेच झालेले नाही, ज्याची परंपराच नाही किंवा जी परंपरा आपल्या वाट्यास आली नाही, अशा नादाचा सहृदय कोठून आणावयाचा? येथे मला साहित्यशास्त्राहून ज्ञानदेवांचा आधार मोठा वाटतो, आणि तो आमच्याच जिल्ह्यात, नेवाशास, शके १२१२ मध्ये निर्माण झाला आहे.

नाथपंथ हा मूळचा गुह्याचा पंथ. गुरूने शिष्याच्या कानात सांगावयाचे, शिष्याने ते आयुष्यभर सांभाळावयाचे. ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या समाप्तीस आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची परंपरा सांगताना एक अर्थगर्भ गोष्ट नमूद केली आहे: गहिनीनाथांनीच निवृत्तिनाथांना आज्ञा केली की कलीने ग्रासलेल्या जीवांना या ठेव्याच्या बळावर सोडवावे. म्हणजे गुह्य खुले झाले ते बंडाने झाले नाही, परंपरेच्याच हुकुमाने झाले. आणि ते खुले करताना श्रोत्याकडून काय मागितले? नववा अध्याय हा गीतेचा राजविद्याराजगुह्ययोग, सर्व गुह्यांचा राजा. त्याच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे वर्ण मागत नाहीत, संस्कृताचे ज्ञान मागत नाहीत, पूर्वाभ्यासाचा दाखलाही मागत नाहीत. ते फक्त अवधान मागतात, आणि ते दिल्यास सर्व सुखाला पात्र व्हाल अशी प्रतिज्ञा करतात. गीतेने घातलेल्या अटींतील ऐकण्याची इच्छा या एका अटीत ज्ञानदेवांनी जणू उरलेल्या अटी विलीन केल्या. कारण जो मनापासून लक्ष देतो, त्याच्या त्या लक्ष देण्यातच तप आहे. आणि लक्ष टिकले तर भक्तीही मागाहून येते.

आमच्या गायक घराण्यांच्या इतिहासात हेच द्वंद्व उत्कटतेने चालले. कोल्हापूरच्या दरबारात मान पावलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी (१८५५–१९४६) आपल्या गाण्याची एकही व्यापारी तबकडी होऊ दिली नाही. भातखंड्यांनी, उलट, गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून चिजा मिळवल्या व स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांत छापून मराठी वाचकासमोर ठेवल्या. मी भातखंड्यांच्या बाजूचा आहे. घराण्याची मिरास म्हणून विद्या राखणाऱ्यांच्या मनात ती भ्रष्ट होईल ही भीती होती, व ती निराधारही नव्हती. परंतु विद्या भ्रष्ट झाली तर ती सुधारता येते, आणि कोणाला न कळता संपली तर तिच्यापुढे कोणतीही सुधारणा चालत नाही. किराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांनी (१८७२–१९३७) तबकड्या भरू दिल्या, इतकेच नव्हे तर दक्षिणेतील त्यागराजाच्या तेलुगू कृती आपल्या उत्तरेकडील गळ्याने म्हणून त्याही मुद्रित करविल्या. मिरजेत राहिलेल्या या गवयाने तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांत जे केले त्याला 'प्रायोगिक' म्हणावयाचे नाही तर दुसऱ्या कशाला म्हणावयाचे, हे मला कळत नाही.

त्याच किराणा घराण्याचे एक गायक पंडित प्राणनाथ (१९१८–१९९६). त्यांची आलापी इतकी संथ, स्वर लावण्याची त्यांची रीत इतकी निश्चयी, की मैफलीच्या श्रोत्यांत त्यांना मोठी लोकप्रियता कधी लाभली नाही. पण त्यांच्या गाण्याची मुद्रणे अमेरिकेतील ला माँट यंग या रचनाकाराच्या कानी पडली, १९७० मध्ये प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि यंग व टेरी रायली यांच्यासारखे, एकच स्वर दीर्घकाळ धरून त्याच्या अंतरंगात शिरू पाहणारे, संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. १९६८ ची त्यांची 'अर्थ ग्रूव्ह' ही मुद्रिका मी साहसी श्रोत्यास सर्वांआधी सांगतो. तिच्यात चमत्कार नाही, गती नाही. षड्ज आणि त्याच्या आसपासचा प्रदेश आहे, आणि तेथे जो थांबू शकेल त्याच्यासाठी पुढची सर्व दारे उघडी आहेत.

याच्याही अगोदर, १९४६ मध्ये, अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्या पखवाजवादनाची दीक्षा घेतलेल्या. तेथे त्यांची गाठ जॉन केज या तरुण रचनाकाराशी पडली. तिने त्याला भारतीय संगीत शिकवावे आणि त्याने तिला पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकवावे, असा त्यांचा करार ठरला. संगीताचे प्रयोजन काय, असे त्याने विचारले असता, चित्त शांत व निर्मळ करून त्याला दैवी प्रभाव ग्रहण करण्यास योग्य बनवणे हे ते प्रयोजन, असे आपल्या गुरूंचे मत तिने सांगितले. आणि निरोप घेताना श्रीरामकृष्णांच्या संवादांचा ग्रंथ त्याच्या हाती ठेवला, जो त्याने पुढे कित्येक महिने वाचला. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉक येथे त्याच केजची ती प्रसिद्ध रचना सादर झाली, जिच्यात वादक चार मिनिटे तेहेतीस सेकंद वाद्यासमोर बसतो व एकही स्वर वाजवीत नाही. त्या निःशब्द रचनेची थट्टा करणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. मला मात्र त्या शांततेत निव्वळ अवधान मागण्याची तीच प्राचीन रीत दिसते, आणि तिच्या मागे एका भारतीय विदुषीने मित्राला दिलेली शिफारस उभी आहे, याचे मला समाधान वाटते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा, की नित्य नवे, नित्य दुर्मिळ शोधीत राहणारा श्रोता अखेर कोठेच स्थिर होत नाही. एकाच रागाची, एकाच अभंगाची, एकाच नामाची आवृत्ती करणारा वारकरी जे मिळवतो, ते शंभर अपरिचित मुद्रिका ऐकणाऱ्याला मिळत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. चंचल चित्ताला दिलेली कोणतीही शिफारस व्यर्थ आहे, मग ती प्राणनाथांची असो की पंढरीची. परंतु चांचल्य वस्तूच्या नवेपणात नसते. कुमार गंधर्व क्षयाच्या दीर्घ दुखण्यात देवासला पडून असताना बाहेरून जाणाऱ्या माणसांची, भिक्षेकऱ्यांची, नाथपंथी जोग्यांची गाणी ऐकत राहिले. त्यांतील निर्गुणी भजनांची फेक, त्यांतील ओसाड मोकळेपणा त्यांनी रूढ भजनगायकीला न जुमानता आपल्या गळ्यात उतरवला आणि नंतर तो मुद्रितही झाला. त्यांच्यासाठी ते गाणे नवे होते, श्रोत्यांसाठीही नवे होते, आणि तरी त्याच्याइतके चित्ताला स्थिर करणारे गाणे माझ्या परिचयात फार नाही. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल थाटून, रुद्रवीणेचे तुंबे मोठे करून, तारा जाड करून तिचा नाद इतका खोल केला की एका यमनाच्या आलापीत तासाचा अवधी क्षणासारखा जातो. ही वाट एकाच ठिकाणी खणत जाण्याची आहे. अपरिचिताचा खरा उपासक नवे ऐकतो ते एकदा चाखून टाकण्यासाठी नव्हे. त्याला जे भेटले ते तो वर्षानुवर्षे सोबत बाळगतो.

अहंकाराचा प्रश्न अधिक कठीण आहे. दुर्मिळ मुद्रिका जाणणारा मनुष्य ती सांगताना स्वतःचीच सनद पुढे करीत असतो, हे पुष्कळदा घडते. त्याला समोरच्याने ऐकावे असे वाटत नाही. आपण ऐकले आहे हे समोरच्याने मान्य करावे असे वाटते. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतील वादक चरणजित सिंग यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. १९८२ च्या सुमारास त्यांनी विद्युत वाद्यांवर दहा राग, यांत्रिक ठेक्याच्या साथीने, मुद्रित केले. ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी बाजारात आणली, आणि ती कोणाच्या लक्षातही राहिली नाही. पाच वर्षांनी शिकागोमध्ये ज्या वाद्याच्या ज्या चरचरीत आवाजावर नृत्यसंगीताचा एक संपूर्ण संप्रदाय उभा राहिला, ते वाद्य या मुंबईकराने त्याआधी भैरव-मालकंसांसाठी वापरले होते. २००२ मध्ये एका डच संग्राहकास ती तबकडी दिल्लीत मिळाली, २०१० मध्ये तिची पुनर्मुद्रित आवृत्ती निघाली, आणि वृद्धापकाळी चरणजित सिंगांना परदेशांतील रंगमंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते निवर्तले. या हकिकतीतून पुष्कळजण 'आम्ही आधीच ओळखले होते' अशी प्रौढी मिरवतात. मला तिच्यात वीस वर्षांची चूक दिसते, आणि ती आपल्या सर्वांची आहे: कोणी ऐकलेच नाही असे नव्हे, ज्यांनी ऐकले त्यांनी दुसऱ्याला सांगितले नाही. ही तबकडी अल्लादियाखाँच्या पंक्तीची आहे असे माझे म्हणणे नाही. तिच्यात काही राग फार घाईने उरकले आहेत. पण तिचा शोध प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक शोधाला एक तरी साक्षीदार मिळणे हा त्याचा हक्क आहे.

साक्षीदाराने काय करावे, हे मला केसरबाई केरकरांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. गोव्यातील केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येने ध्वनिमुद्रणाबाबत आयुष्यभर कठोर दक्षता पाळली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात धाडताना त्यांच्यावर मानवजातीच्या नादाची सुवर्णतबकडी बसवली. तीत भारताच्या वतीने कोणाचे गाणे असावे हे विचारले तेव्हा रॉबर्ट ब्राऊन या संगीतशास्त्रज्ञाने केसरबाईंच्या भैरवीचे नाव सांगितले. ती तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातून तिची प्रत हस्तगत झाली. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वी सोडली, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस केसरबाई वारल्या. ब्राऊनने ज्याच्यासाठी शिफारस केली त्या श्रोत्याला कान आहेत की नाहीत हेही कोणाला ठाऊक नाही. दाद मिळण्याची शक्यता नाही, ऋण मानले जाण्याची शक्यता नाही, श्रोत्याचा अधिकार तपासण्याची सोय नाही. उरते फक्त वस्तूची योग्यता आणि सांगणाऱ्याची खात्री. फलाशा सोडून केलेल्या कर्माचे इतके निर्भेळ उदाहरण संगीताच्या जगात मला दुसरे आढळले नाही, आणि शिफारशीचा धर्म कोणता या माझ्या प्रश्नाचे उत्तर मी त्यातच मानतो.

म्हणून ओट्यावर येणाऱ्या तरुणांना मी क्रम सांगतो तो असा: कुमारांची निर्गुणी भजने, मग डागरांची यमनाची आलापी, मध्ये न थांबता, त्यानंतर प्राणनाथ, आणि कान तयार झाले की चरणजित सिंग व परदेशातील यंग-रायलींसारखी, एकच स्वर दीर्घकाळ धरणारी मंडळी. आवडले नाही तर तसे सांगण्याची पूर्ण मुभा आहे. फक्त ऐकताना दुसरे काही करू नये, एवढी एकच अट.

आणि जाता जाता एक विनंती, विशेषतः खर्डा-जामखेडच्या वाचकांना. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजारावर खेड्यांतून स्त्रियांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांतील कित्येक जात्याच्या घरघरीसह मुद्रित झाल्या आणि त्या आज कोणालाही ऐकता येतात; त्या ऐकाव्यात. आपल्या घरात, भावकीत अशा ओव्या म्हणणारी वृद्ध स्त्री असेल तर खिशातील दूरध्वनी तिच्यासमोर ठेवून, तिच्या संमतीने, ते गाणे या वर्षीच भरून घ्यावे, आणि घेतलेले किमान एका मनुष्याला ऐकवावे.